वाघमारे काका कुठं उतरले?

वाघमारे काकांना एखादं पुस्तक कसं वाटलं असं विचारलं, की ते पुस्तकाबद्दल बोलत नाहीत. एका गावाचं नाव घेतात.

"काका, ती नवी कादंबरी वाचली का? कशी आहे?"

"अहमदपूर."

एवढंच. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसतात आणि दुसऱ्या माणसाकडं बघायला लागतात. नवख्या माणसाला वाटतं, कादंबरी अहमदपुरात घडत असेल. तसं नसतं. काका त्या पुस्तकातून अहमदपूरला उतरले, असा त्याचा अर्थ.

काका लातूरच्या जिल्हा परिषदेत कारकून होते. बायको-पोरं नांदेडला, पोरांच्या शाळेसाठी. चौदा वर्षं त्यांनी सोमवारी पहाटेच्या एसटीनं लातूरला जायचं आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचं असं केलं. ड्रायव्हरच्या मागचं खिडकीचं सीट धरायचं आणि स्टँडवरच पुस्तक उघडायचं. आम्हाला कुणाला चालत्या गाडीत दोन ओळी वाचल्या तरी मळमळतं. काका म्हणतात, "पुस्तक चांगलं असलं की गाडी हलत न्हाई." तर त्या चौदा वर्षांत त्यांच्या डोक्यात पुस्तकं आणि थांबे असे एकमेकांत बसले, की आता ते वेगळे निघत नाहीत.

ज्यांना हा रस्ता ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदेड सोडलं की लोहा येतं, मग माळाकोळी, मग अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, अष्टामोड आणि शेवटी लातूर. त्यामुळं "लोहा" म्हणजे पुस्तक सुरू झालं नाही तोच कंटाळा आला. "अहमदपूर" म्हणजे अर्ध्यापर्यंत बरं होतं. "चाकूर" म्हणजे फार चांगलं, आणि "लातूर" तर वर्षातून एखादं. लातूरच्या पुढं औसा आहे. आमच्या मंडळाच्या अकरा वर्षांच्या वहीत औसा फक्त एकदा आलेलं आहे. त्या दिवशी सोलापूरला जाणारी गाडी होती. काका वाचता वाचता लातूरला उतरायचेच विसरले. कंडक्टरनं पुढचं तिकीट फाडलं, औशाच्या स्टँडवर केळीवाल्यांच्या मधे उभं राहून काकांनी राहिलेली बारा पानं संपवली आणि मग लातूरची गाडी धरली. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा लागली. "रजा कारणी लागली," असं ते अजून म्हणतात.

आमचं वाचक मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नांदेडात आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमधे बसतं. सकाळची वंदना झाली की सतरंज्या तशाच राहू देतात, त्यांच्यावर आम्ही. हॉलची चावी काकांकडं. वही माझ्याकडं. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, पण साहित्यातलं आपल्याला जास्त कळतं असा माझा समज आहे आणि तो मी लपवत नाही. वहीत दोनच रकाने आहेत. पुस्तकाचं नाव आणि अभिप्राय. बाकीच्यांचे अभिप्राय पानभर असतात, काकांचा एका शब्दाचा.

सुरुवातीला निवृत्त प्राध्यापक कुलकर्णी सर यावर फार चिडायचे. ते आयुष्यभर मराठी शिकवून आलेले.

"वाघमारे, कादंबरीचं मूल्यमापन एसटीच्या थांब्यांवर होत नसतं."

"मंग कशावर होते, सर?"

त्या दिवशीची चर्चा तिथंच संपली. पुढं काय झालं कुणास ठाऊक, पण दोन-तीन वर्षांनी सरांनी कुठल्याशा चर्चासत्रात 'प्रवासनिष्ठ आस्वादपद्धती' असा निबंधच वाचला. त्यात काकांचा उल्लेख 'एक जाणकार वाचक' असा होता. काकांनी निबंध वाचला आणि वहीत लिहायला सांगितलं, "माळाकोळी."

खरं सांगायचं तर काकांच्या अभिप्रायाला आम्ही सगळे वचकून असायचो. कारण कधीमधी एखादं वाक्य ते जोडायचे, आणि ते वाक्य आमच्या पानभर मजकुरापेक्षा बरोबर असायचं. एका गाजलेल्या कादंबरीतली नायिका तीनशे पानं दुःख करते. आम्ही सगळे तिच्या दुःखावर बोलून थकलो. काका म्हणाले, "शिरूर. त्या बाईला सगळे सगळं विचारून राहिलेत, जेवलीस का म्हणून कोणी विचारीना." दुसऱ्या एका पुस्तकात खेडं होतं. त्यावर काका म्हणाले, "ह्या गावात कोणाच्याच घरी खरकटी भांडी न्हाईत. लोहा." मी घरी जाऊन ते पुस्तक पुन्हा चाळलं. खरंच एकही भांडं नव्हतं.

अशा माणसाला मी माझं सगळ्यात आवडतं पुस्तक वाचायला दिलं, ही माझी चूक.

त्याचं नाव सांगत नाही. तुम्हीही लोह्याला उतरलात तर मला सोसणार नाही. दोन भाऊ वाटण्या करतात आणि घराच्या मधे भिंत घालतात अशी ती गोष्ट आहे. म्हातारीची चूल भिंतीच्या एका बाजूला राहते आणि जातं दुसऱ्या बाजूला. मग दळायचं असलं की ती सूप घेऊन गल्लीतून वळसा घालून जाते. तेवढीच गोष्ट. मी ती पाचदा वाचली आहे आणि पाचही वेळा एका ठरावीक पानावर मला नाक ओढावं लागलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी ती प्रत काकांच्या हातात दिली, पंधरा दिवस वाट बघितली, आणि रविवारी वही उघडून पेन सरसावून बसलो.

काका म्हणाले, "लोहा."

"लोहा?"

"लोहा. लिहा, सर."

मी लिहिलं. पण पुढचा महिनाभर मी काकांना रस्त्यात बघितलं की दूधवाल्याशी बोलायला लागायचो. बायको म्हणाली, "एवढं काय? तुमची पोरगी नाकारली का त्यांनी?" तिला काय सांगणार. पोरगी नाकारली असती तर मी समजून घेतलं असतं.

त्यानंतर एक गोष्ट सगळ्यांच्याच ध्यानात आली. काका कडक झाले. चाकूर नाही, शिरूर नाही. लोहा, लोहा, माळाकोळी, पुन्हा लोहा. एका कथासंग्रहाला तर ते म्हणाले, "नांदेड स्टँड. गाडीत बसलोच न्हाई." कुलकर्णी सर माझ्या कानात म्हणाले, "वयाबरोबर अभिरुची परिपक्व होते ती अशी." त्यांनी घरी जाऊन आपल्या निबंधाला एक परिच्छेद जोडला. मला मात्र बरं वाटत होतं. माझ्या एकट्याच्या पुस्तकाचा अपमान झालेला नाही, एवढं समाधान.

मग काका अभिप्रायच देईनात. "रिमार्क पेंडिंग," म्हणाले. पुढच्या महिन्यातही पेंडिंग. तिसऱ्या महिन्यात ते आलेच नाहीत. शेजारच्याकडून त्यांनी हॉलची चावी पाठवली, आणि तिच्यासोबत एक अर्ज. अर्ज अगदी नियमाप्रमाणे होता. 'विषय: वाचक मंडळातून कमी करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, अर्जदाराचे या पुढे कोणत्याही पुस्तकाबाबत मत राहिलेले नाही. तरी अर्जदारास कमी करण्यात यावे, ही विनंती.' खाली सही आणि तारीख.

वाचून सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर तो कागद पुन्हा काढून वाचला. 'मत राहिलेले नाही' हे काही हसण्यासारखं वाक्य वाटेना. संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो.

गल्लीच्या तोंडालाच आवाज ऐकू आला. काका ओरडत होते. अकरा वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. दोन बायका गेटपाशी थांबून एकमेकींकडं बघत होत्या. एक म्हणाली, "रोजचंच झालं हे. म्हातारपणी भांडणं." मी परत फिरायच्या बेतात होतो, तेवढ्यात काकांचे शब्द नीट कानावर आले.

"आन मंग त्यो मास्तर! मास्तर! तिच्या घरी गेला! घरी!"

हे भांडण नव्हतं. गेल्या महिन्यात मंडळानं वाचायला दिलेल्या कादंबरीचं ते सातवं प्रकरण होतं.

दार उघडंच होतं. शेवंताकाकू पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर मेथीची जुडी. काका त्यांच्या कानाशी वाकून ओरडत होते. मानेच्या शिरा फुगलेल्या. काकू मान हलवत होत्या, हसत होत्या, आणि मग त्यांनी हात वर करून हवेत एक अदृश्य दोरी ओढली. एसटीत पूर्वी छताला घंटीची दोरी असायची, कंडक्टर ओढायचा, तशी. तोंडानं म्हणाल्या, "टिंग."

काका सरळ उभे राहिले. मला बघून म्हणाले, "या, सर. जयभीम. ती उतरली."

मी बसलो. काकूंनी माझ्याकडं बघून "बरं हाय ना सर?" असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं आणि त्या मेथी घेऊन आत गेल्या. काका बराच वेळ घसा खाकरत होते.

"अर्ज मिळाला का?"

"मिळाला. पण काका, मत राहिलं नाही म्हणजे काय?"

"मत माझं नव्हतंच, सर. तिचं होतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्न झाल्यापासूनच ते वाचलेलं पुस्तक काकूंना तोंडी सांगायचे; लातूरच्या वर्षांत शनिवारी घरी आले, की रविवारी दुपारी आठवड्याचं पुस्तक व्हायचं. काकू चौथी शिकलेल्या. वाचता येतं, पण बोट ठेवून. एकदा काकांनी पुस्तक हातात दिलं तर म्हणाल्या, "ह्याच्यात लई लोकं बोलून राहिलेत. मला तुमी एकलेच पुरे." त्यांचं माहेर चाकूरच्या पलीकडं. तो रस्ता त्यांना पाठ. गोष्ट सुरू झाली की त्यांच्या लेखी नांदेडहून गाडी सुटायची. रंगली तर माहेरापर्यंत जायची. नाही रंगली तर त्या मधेच दोरी ओढून उतरायच्या आणि कामाला लागायच्या. काका सोमवारी गाडीत बसून ते आठवत हसत राहायचे.

"मग जेवलीस का ते? खरकटी भांडी?"

"तिचंच. समदं तिचं."

"आणि तुमचं स्वतःचं?"

काका जरा ओशाळले. "औसा तेवढं माझं. बाकी मला सगळीच आवडतेत, सर. मी कारकून माणूस. समोर आलेली फाईल शेवटपर्यंत वाचायची सवय. मला काय कळते त्यातलं."

म्हणजे अकरा वर्षं आम्ही ज्या जाणकार वाचकाला वचकून होतो, त्या वाचकानं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. ती मेथी निवडत होती. कुलकर्णी सरांना हे कसं सांगावं, असं मनात येऊन मला हसू आलं. पण काकांकडं बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते.

"दोन वर्षं झाले, तिचं ऐकू येणं कमी व्हायला. मला पत्ताच न्हाई, सर. एका घरात राहून. गोष्ट सुरू केली की लोह्याला टिंग. दुसरी सुरू केली, लोह्याला टिंग. मला वाटलं, आजकाल पुस्तकंच खराब निघून राहिलेत. तुम्हाला तसंच सांगत गेलो. तिला ऐकूच येत नव्हतं. मला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाई. हसायची आन दोरी ओढायची."

दोन वर्षांतल्या सगळ्या लोह्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

लातूरच्या कानाच्या डॉक्टरला दाखवून झालं होतं. नस सुकली, म्हणाला. मशीन आणलं. "त्यात तिला शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. माझं न्हाई. म्हणून ओरडून सांगून बघतो. ओरडून गोष्ट सांगता येत न्हाई, सर. गोष्टीचं भांडणच होते." त्यांनी तळव्यांनी गुडघे दाबले. "जेवण झालं का, गोळी घेतली का, हे खुणेनं होते. पण चाळीस वर्षं मी वाचलं ते तिला सांगायला. आता वाचून कोणाला सांगू?"

काकू पाणी घेऊन आल्या. आमचे चेहरे बघून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काय म्हणून राहिले सर?"

काकांनी कानाशी वाकायला सुरुवात केली, पण घसाच बसला होता. मी इकडं तिकडं बघितलं. खिशाला पेन होतं, कागद नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरचं संपलेल्या महिन्याचं पान वर दुमडलेलं होतं, ते मी काकूंच्या परवानगीशिवाय फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, फळ्यावर लिहितो तशा मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मी विचारतो आहे, लोह्यालाच का उतरलात?'

काकूंनी बोट ठेवून वाचलं. एक एक अक्षर जुळवत, ओठ हलवत. मग त्यांनी काकांकडं बघितलं. आपली चोरी पकडली गेली हे त्यांना कळलं. त्या खाली बघून म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "पुढं ऐकूच ईना. यांचं तोंड लई वेळ हलायचं. बघून जीव तुटायचा माझा."

काका खिडकीतून बाहेर बघत राहिले. काकूंनीच ते पान पुन्हा उचललं, लांब धरलं, जवळ धरलं.

"हे बरं हाय की," त्या म्हणाल्या. "असं मोठं लिहा ना. गोष्ट लिहा."

"घरातल्या माणसाला लिहून कोण बोलते?" काका म्हणाले. काकूंना अर्थातच ऐकू गेलं नाही. त्या आत गेल्या आणि फडताळातून जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन आल्या. डब्यांखाली अंथरायला जपून ठेवलेली. निदान सात-आठ वर्षांची पानं असतील.

मी उठलो. काकांचा अर्ज खिशातच होता, त्यावर 'नामंजूर' असं लिहून सही केली आणि पलंगावर ठेवला. दारातून परत वळलो, कारण माझा स्वभाव मला माहीत आहे.

"काका, एक विनंती. सुरुवात माझ्या कादंबरीनं करा. तिला नीट गाडी मिळाली नाही."

पुढच्या रविवारी दुपारी मी गेलो. मी काही मोठ्या मनानं गेलो नव्हतो. निकाल ऐकायला गेलो होतो. काका खाली पाट घेऊन बसले होते, समोर कॅलेंडरचं पान, हातात जाड स्केचपेन. काकू पलंगावर, नाकावर चष्मा. पहिलं पान त्यांनी माझ्यासमोरच परत केलं. त्यावर लिहिलेलं होतं: 'सदर गावी दोन बंधू राहत असून त्यांच्यात वाटणीबाबत वाद उद्भवला.'

"सदर काय, सदर?" काकू म्हणाल्या. "मी काय साहेब हाय का? तुमच्या तोंडानं लिहा."

काकांनी पान उलटं ठेवलं आणि दुसरं घेतलं. थोडा वेळ पेन नुसतंच धरून बसले. मग लिहिलं: 'दोघं भाऊ होते बघ. थोरला जराक आपल्या नारायणसारखा.' काकू वाचून फस्सकन हसल्या. नारायण म्हणजे त्यांचा दीर, हे मला नंतर कळलं.

मग गाडी सुटली. काका एक पान लिहायचे, काकू वाचायच्या, तोवर काका दुसरं लिहायचे. खोलीत स्केचपेनचा कुरकुर आवाज आणि काकूंचं पुटपुटणं. भिंत बांधून झाली. मी मनात म्हटलं, लोहा. काकूंचा एक हात मांडीवरच्या मेथीत होता, तो वर गेला नाही. म्हातारीनं सूप उचललं, गल्लीत आली. माळाकोळी गेलं. मग माझं ते नाक ओढायचं पान आलं. ते मूळ पुस्तकात साडेतीन पानांचं आहे. काकांनी चार ओळींत लिहिलं. काकूंनी वाचलं, बोट तिथंच ठेवून पुन्हा वाचलं. अहमदपूर मागं पडलं आणि मला बसवेना.

आणि मग काकूंनी चष्मा काढला, पान बाजूला ठेवलं आणि त्या उठून आत गेल्या.

काकांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. दाराकडं बघत राहिले. त्या क्षणी मला माझ्या कादंबरीचं खरंच काही वाटलं नाही. लोह्याला उतरल्या असत्या तरी चाललं असतं, पण त्यांना कळलं म्हणून, आवडलं नाही म्हणून उतराव्यात, एवढंच मला वाटत होतं. काका सवयीनं हळूच म्हणाले, "ऐकलं का?" आतून काही उत्तर आलं नाही.

मग भांड्याचा आवाज झाला, आणि काकूंचा तो गल्लीभर जाणारा आवाज आला.

"उतरले न्हाई मी! च्या ठेवून राहिले. शिरूरला गाडी धा मिनिटं थांबती ना?"

काकांनी मान खाली घातली आणि पुढचं पान घेतलं. अक्षरं मघापेक्षा मोठी काढत होते. मी आहे हे ते विसरले होते. शिरूरनंतर चाकूर येतं. म्हातारीला अजून पीठ घेऊन परत यायचं होतं, आणि चहा व्हायच्या आत त्यांना निदान दोन पानं लिहून ठेवायची होती.